परात हलवू नका

खरं सांगतो, हे मी लिहिणारच नव्हतो.

एक तर प्रियदर्शनीनं सरळ दम दिलेला, "माझ्याबद्दल एक अक्षर लिहिलंस तर तुझ्या टाइपरायटरला लाख पाजीन." आणि ती पाजेल. तिच्या हाताशी कायम लाख असते आणि डोक्यात राग. त्यातली लाख तरी पटकन वाळते. दुसरं म्हणजे धैर्यशील माझा दोस्त. त्याच्या येडेपणाची दवंडी मी कशाला पिटू? पण दोघांनी वेगवेगळं गाठून मला हे इतक्या वेळा सांगितलंय की माझं डोकं पिकलं. म्हणून लिहून टाकतो. लिहितो तिच्या बाजूनं. वैतागायचा हक्क पहिल्यापासून तिचाच होता.

तर... यंदाचा, म्हणजे शहाण्णव सालचा आषाढ. सांगलीहून मिरजेला येणारी एसटी, खिडक्यांच्या काचा बंद, आत ओल्या छत्र्यांचा वास. प्रियदर्शनी सांगलीच्या पेठेतून किलोभर चपडा लाख आणि स्पिरिट घेऊन परत चाललेली. मिरजेत तंबोरे बनवणाऱ्या एका कारखान्यात ती पॉलिश करायची. आधी तिचे वडील करायचे. ते गेल्यावर मालकांनी, त्यांना सगळे चाचा म्हणतात, एवढंच विचारलं, "हात बसलाय का तुझा?" तिनं एक भोपळा चमकवून दाखवला. जागा तिची झाली.

गाडीत एकच सीट रिकामी होती. तीही पूर्ण नव्हे. खिडकीशी एक उंचापुरा पोरगा मांडीवर ही एवढी परात घेऊन बसलेला. परातीवर ओलं फडकं बांधलेलं, आणि वास असा, की मागची बाई तोंडाला पदर लावून म्हणाली, "मेलंय का काय त्यात?"

"जरा सरकता का?" प्रियदर्शनी म्हणाली.

"न्हाई."

"नाही म्हणजे?"

"सरकलो तर ही हलंल." त्यानं हनुवटीनं परात दाखवली.

"काय आहे त्यात?"

"अजून काय न्हाई. व्हनार हाय."

ती अर्ध्या सीटवर टेकली. तेवढ्यात कंडक्टर आला. पोराचे दोन्ही हात परातीला. त्यानं इकडं बघितलं, तिकडं बघितलं, आणि मग तिच्याकडं. "आवं बाई... जरा धरा की. दोन मिन्टं. पण हलवू नका हं."

विश्रामबागेच्या खड्ड्यांतून जाणाऱ्या एसटीत बसून 'हलवू नका' म्हणणारा माणूस तिनं जन्मात पहिल्यांदा बघितला. आणि बाई? बावीस वर्षांच्या पोरीला बाई? पण परात हातात आलेली. टाकावी तर कुठं? तिनं श्वास रोखला, दोन्ही कोपर पोटाशी घेतले आणि ते आंबूस तळं तोलून धरलं. पोरगा खिसे चाचपत राहिला. हा खिसा, तो खिसा, पायजम्याचा खिसा...

कचकन ब्रेक लागला. तिच्या नव्या पिवळ्या ओढणीवर वाटीभर आंबट पाणी सांडलं.

पोरानं आधी काय केलं? फडकं उचलून परातीत बघितलं.

"मोडला न्हाई!" त्याचा चेहरा असा उजळला, जसा काही बारावीचा निकाल लागलाय. मग कुठं त्याला ओढणी दिसली. "आरारा... पर तुमचा हात लय स्थिर हाय बगा. दुसरं कोन असतं तर थर फाटला असता."

"हात स्थिर आहे म्हणून तुमच्या कानाखाली बसला नाही अजून," ती म्हणाली.

मिरज येईपर्यंत त्यानं सगळं सांगून टाकलं, तिनं न विचारता. नाव धैर्यशील. गाव पाटणच्या खाली, कोयनाकाठी. माधवनगरात खोली घेऊन राहत होता. घरमालकीण दगडाबाईनं वासापायी हाकललं. ही तिसरी खोली गेली. आता मिरजेत एक शेड मिळालीय.

"गिऱ्हाईक मिळालं का कुणी वास घ्यायला?"

"मालकांना वास येत न्हाई म्हनं. चाळीस वर्सं स्पिरिट हुंगून नाक गेलंय त्यांचं."

 चाळीस वर्षं स्पिरिट हुंगलेला माणूस मिरजेत तिच्या माहितीत एकच होता, तिच्याच कारखान्याचे चाचा.

घरी जाऊन तिनं ओढणी तीनदा धुतली. वास गेला नाही. आणि उगाच, दिवसभरात चार वेळा, तिनं आपला हात उताणा करून बघितला. स्थिर आहे म्हणे...

चार दिवसांनी सकाळी ती कामावर आली आणि किंचाळली.

संध्याकाळी गिऱ्हाइकाला द्यायचा तंबोरा. त्याच्या तबलीवर, म्हणजे भोपळ्याच्या तोंडावर बसवलेली ती लाकडी फळी असते ना, तिच्यावर, काहीतरी चिकटवलेलं. ओलसर, पातळ, वाळत आलेल्या पापडासारखं. आणि शेजारी हा उकिडवा बसून त्याच्यावर फुंकर मारतोय.

"हे काय आहे?"

"साय हाय. गुळाच्या पान्यावरची."

"माझ्या पॉलिशवर साय?"

"दुधाची न्हवं. ऐका तर." तो घाईघाईनं बोलायला लागला. "गुऱ्हाळात एकदा उसाच्या रसाचं मडकं मागं पडलं. महिन्यानं बगतो तर वर ही साय. गुऱ्हाळवाला दोन्ही हातांनी वडत हुता, फाटंना. भिंतीवर टाकली, वाळली, तर कागूद झाला! मंग सांगलीच्या लायब्ररीत बसून बसून वाचलं. बारीक जिवानू असत्यात, त्ये विनत्यात ह्ये. कापसात, लाकडात जे असतंय, त्येच. सेल्युलोज. पर धागा कसला? केसाच्या हजाराव्या हिश्शाचा. आन् एक बी झाड तोडायचं न्हाई. फकस्त परात धा दिवस हलवायची न्हाई. हलली की थर मोडतो."

"आणि करायचं काय याचं?"

"पिशव्या."

 कारखान्याच्या दारातलं गटार त्या पावसाळ्यात तिसऱ्यांदा तुंबलेलं. गुडघाभर पाण्यात उभं राहून तिनंच गेल्या आठवड्यात काठीनं त्यातनं पिशव्या ओढून काढल्या होत्या. काळ्या, निळ्या, दुधाच्या. आत लाकडाला पाणी लागलेलं.

"आमच्याकडं पूर वसरला की बाभळींना पिशव्या लटकत्यात," तो हळूच म्हणाला. "लांबनं वाटतंय फळंच लागल्यात."

"फळं राहू दे. हे काढा आधी."

"वाळलंय बगा." त्यानं कोपरा नखानं उचलला. सर्र... असा आवाज करत अख्खा पदर सुटून आला. दोघं बघत राहिले. पत्र्यावर, काचेवर, घोंगड्यावर वाळवून जे दरवेळी सुरकुतायचं ते त्या तबलीवर आरशासारखं गुळगुळीत निघालं होतं. उजेडाला धरलं तर मधासारखं पिवळट, आरपार. त्याच्या पलीकडून तो तिच्याकडं बघत होता. ती त्याच्याकडं. 

मग तिनं खाली बघितलं. तबलीवर वीतभर पांढरा डाग. ओलीनं लाख पांढरी पडते, हे पोरालाही कळतं.

"बाहेर व्हा."

"मी काय मदत..."

"बाहेर!"

जेवणाची सुट्टी सोडून तिनं तो डाग काढला. शेगडी पेटवून, पाच हात मारून. दुपारी तो माफी मागायला आला, हातात मोरावळ्याची जुनी बरणी. आत पाण्यासारखं काहीतरी.

"शिरका हाय, व्हिनेगर म्हनत्यात त्ये. माझ्याच परातीतला. केस धुताना लावा. चमकत्यात."

"म्हणजे आता चमकत नाहीत?"

"न्हाई तसं न्हाई... म्हंजी चमकत्यात की. मी बगितलंय... म्हंजी बगितलं न्हाई मुद्दाम, पर..."

"ठेवा तिथं आणि जा."

दोन दिवसांनी त्यानं विचारलं, "लावला का?"

"गटारात ओतला."

 "गटाराचं तरी बरं झालं आसंल," तो म्हणाला आणि गेला. आता अशा माणसावर रागवावं तरी कसं? पण ती रागावली. दिवसभर रागावली.

त्याच्या मागं एक घड्याळ लागलेलं होतं, हे तिला श्रावणात कळलं. त्याचे वडील नाथाजी फौजेतले रिटायर हवालदार. दोन्ही काका फौजेत. याचं वय भरतीला शेवटचं. वडिलांनी पत्रात दोन ओळी लिहिल्या होत्या: 'दसऱ्यापर्यंत तुझं. एका तरी व्यापाऱ्यानं तुझी पिशवी घेतली तर राहा. नाहीतर भरतीला उभं राहायचं.'

व्यापारी एकच दारात उभं करून घेत होता. सांगलीचे लालासाहेब. बेदाण्याचा मोठा धंदा. पहिली पिशवी त्यांनी बेदाणे भरून गोदामात ठेवली. आठ दिवसांनी बोलावलं. पावसाळी हवेत पिशवी भिजलेल्या पोळीसारखी लोळागोळा झालेली. बेदाण्याचा एकच लाडू.

"मर्दा, ही पिशवी हाय का पुरणपोळी?" लालासाहेब म्हणाले. "वारा आत जाऊ देत न्हाई, मान्य. ताकद हाय, मान्य. पर हवेतलं पाणी पितीया ही. माझा बेदाणा पावसाळ्यातच मार खातो, आन् तुझी पिशवी पावसाळ्यातच आजारी पडती."

तो परत आला आणि कारखान्याच्या पायरीवर बसला. प्रियदर्शनी आत भोपळ्यावर बोळा फिरवत होती. मलमलीत कापूस बांधलेला बोळा, लाखेत बुडवायचा आणि गोल गोल फिरवायचा. तिनं अर्धा तास त्याचं ते सुतकी तोंड सहन केलं.

"झालं काय एवढं?"

"पाणी पितीया."

"कोण?"

"पिशवी. पाणी आत जाऊ नये आसं कायतरी लावाय पायजे. पर प्लॅस्टिकच लावलं तर मंग उपेग काय? खायच्या वस्तूला चालंल, मातीत जाईल, पाण्याला आडवंल... आसं कायच न्हाई जगात."

तिचा बोळा थांबला. तिनं भोपळ्याकडं बघितलं. हातातल्या बोळ्याकडं बघितलं. मग त्याच्याकडं. आणि असा संताप आला तिला!

"अहो दीड महिना तुम्ही माझ्यासमोर बसताय! मी काय मारतेय यावर? तूप?"

"लाख."

"कशाला मारतेय?"

"चमकाया..."

"पाणी लागू नये म्हणून! भोपळा हवेतलं पाणी पितो. लाख मारली की पीत नाही. हलवाई मिठाईला लाख लावतात, गोळ्यांना लाख असते. माणूस आहे का दगड?"

तो उठून उभाच राहिला. "लाख," तो म्हणाला. पुन्हा म्हणाला, "लाख!" आणि दोन्ही हातांनी तिचा बोळा धरलेला हात धरला. मग लाख लागली म्हणून घाईनं सोडला. मग लाजला. तळवे एकमेकांना चिकटलेले, ते सुटेनात. तिनं स्पिरिट ओतून ते सोडवले, आणि हसू येऊ नये म्हणून गाल आतून चावून धरले.

पुढचा महिना नुसता वैताग. पावसाळी हवेत लाख पांढरी पडते, म्हणून उघडीप बघायची, शेगडी पेटवायची, पातळ सात हात मारायचे. काम सुटल्यावर तासभर ती त्याला शिकवायची.

"दाबू नका. बोळा तरंगला पाहिजे."

"तरंगतोय की."

"तुम्ही म्हैस धुतल्यासारखं करताय."

"म्हशीनं कवा तक्रार केली न्हाई."

"बोळा थांबवू नका! थांबला की चिकटतो. तिकडं बघा, माझ्याकडं काय बघताय?"

"हात बगतोय. कसा फिरतोय त्ये."

"हात खाली आहे. तोंड वर आहे. तुम्ही वर बघताय."

"...व्हय."

घरी तिची आई बनाबाई. तिला सगळं दिसत होतं. एक दिवस भाकरी थापता थापता तिनं विचारलं, "दर्शे, ते पाटणचं पोरगं. त्यांच्या घरात आपल्या हातचं पाणी चालतंय का, ते इचारलंस का?"

"मी कशाला विचारू? माझा काय संबंध?"

"मग खिडकीतली बरणी मला पुसू का देत नाहीस?"

"आई, भाकरी करपतेय."

भाकरी करपत नव्हती.

लाख मारलेली पिशवी लालासाहेबांच्या गोदामात पंधरा दिवस राहिली. बेदाणा सुटा, कोरडा. लालासाहेबांनी पिशवी कानाशी वाजवून बघितली, दातात धरून ओढून बघितली. "चाळीस आण. दसऱ्याच्या आदल्या दिवशी. एक झाली म्हंजी नशीब, चाळीस झाल्या म्हंजी धंदा."

चौदा पराती लागल्या. शेडमध्ये पाय ठेवायला जागा नाही. धैर्यशील चवड्यांवर चालायचा. सहा दिवस झाले, थर बोटभर जाड आला. सातव्या दिवशी तो गूळ आणायला पेठेत गेला, आणि नाथाजी हवालदार पोराला भेटायला आले.

आता बघा, यात कुणाचा दोष काढणार? बावीस वर्षं फौजेत काढलेला माणूस. दार उघडलं तर पोराच्या खोलीत आंबूस वास आणि चौदा पराती, प्रत्येकीत बोटभर बुरशी. बापाचं काळीज. पोरगं दमतंय, भांडी घासायलाही सवड मिळत नाही बिचाऱ्याला. हवालदारांनी शर्ट काढून खुंटीला टांगला, चाचांकडून राख मागून आणली, आणि चौदाच्या चौदा पराती गटारात ओतून अशा घासल्या, अशा घासल्या, की तोंड बघून दाढी करावी. मग ओळीनं मांडून ठेवल्या. इन्स्पेक्शनला मांडतात तशा. शेडमधल्या वाकड्या कपाटातल्या दोन जुन्या बाटल्या, ज्यांत धैर्यशीलनं जिवाणूंचं विरजण राखून ठेवलं होतं, त्याही धुतल्या. आतून.

धैर्यशील आला. दारात उभा राहिला.

"कसं हाय?" नाथाजी म्हणाले. घामाघूम, खूश.

"...लय चांगलं हाय आबा," धैर्यशील म्हणाला.

एवढंच म्हणाला. मला विचाराल तर तो पोरगा काय आहे ते त्या एका वाक्यात आहे.

विरजण गेलं म्हणजे सगळं गेलं. पहिलं विरजण जमायला त्याला आठ महिने लागले होते. दसरा तेरा दिवसांवर. त्यानं वडिलांना काही सांगितलं नाही. चाचांना तेवढं म्हणाला, "जमलं न्हाई, भरतीला जातो," आणि ट्रंक भरली.

प्रियदर्शनीला हे दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं, चाचांकडून. "गेला तो. साताऱ्याची गाडी. पराती घासल्या म्हणे बापानं."

"आणि तो काही बोलला नाही?"

"बापाला? नाही."

"मला!"

चाचांनी चष्मा वर केला. "तुला त्यानं काय सांगायचं होतं बेटा? तू तर त्याच्यावर कायम खवळलेली असतेस."

ती तशीच चपला घालून घरी पळाली, आणि घरातून स्टँडकडं.

मिरज स्टँडवर साताऱ्याची गाडी लागलेली. बाकड्यावर बापलेक, मध्ये ट्रंक. ती समोर जाऊन उभी राहिली तेव्हा तिला धाप लागलेली, वेणी सुटलेली, दोन्ही हातांत छातीशी धरलेलं काहीतरी, प्लॅस्टिकच्या पिशवीत.

धैर्यशील उभा राहिला. "तुमी?... आन् ह्ये प्लॅस्टिकच्या पिशवीत?"

"घरात दुसरी नव्हती! आणि मिळेल ती घ्यावी का नाही, अशा वेळेला तरी—"  तिनं बरणी बाहेर काढली.

मोरावळ्याची बरणी. आत, वरच्या बाजूला, पांढरा, जाड, काठोकाठ थर. चार बोटं जाड. कुठं चीर नाही.

त्यानं बरणी घेतली. उजेडाला धरली. 

"ही तर तुमी गटारात वतली हुती."

"ओतणार होते."

"तीन म्हैनं?"

"सवड मिळाली नाही."

"खिडकीत ठिवली हुती?"

"जागा नव्हती दुसरीकडं."

"कुनी हलवली न्हाई. हलली आसती तर थर आसा सलग आला नसता." तो अगदी हळू बोलायला लागला. "आन् नुसत्या शिरक्यात एवढा थर येत न्हाई. उपाशी मरतंय त्ये. ह्याला... ह्याला कुनीतरी गोड पाजलंय."

तिनं स्टँडच्या घड्याळाकडं बघितलं. पाट्यांकडं बघितलं. तासगाव, जत, विटा... सगळ्या वाचून झाल्या.

"गुळाचं पाणी," ती म्हणाली. "आठवड्यातून एकदा. चमच्यानं, कडेकडेनं... थर मोडू नये म्हणून. आणि आता हसलात ना, तर ही बरणी इथंच फोडीन."

तो हसला नाही. त्याचे डोळे भरून आले होते, आणि ते जास्त वाईट होतं. कारण मग तिचेही...

"मला सांगायचं तर हुतं," तो म्हणाला.

"तुम्हाला विचारायला काय झालं होतं? लाख कळायला दीड महिना, हे कळायला तीन! दरवेळी मीच सांगायचं का?"

"न्हाई. ह्ये मी सांगतो." त्यानं बरणी छातीशी धरली. भर स्टँडवर, बापासमोर. "दर्शनी, तुज्याबिगर माझा हात स्थिर ऱ्हात न्हाई. भरतीत बंदूक बी हलंल."

पहिल्यांदाच अगं-तुगं. तिला ते कळलं. त्याला नंतर कळलं.

गाडीनं हॉर्न दिला. इतका वेळ नाथाजी हवालदार बरणीकडं एकटक बघत होते.

"धैर्या," ते म्हणाले, "म्या काल जे घासून टाकलं... त्ये ह्ये हुतं?"

धैर्यशीलनं बरणी अजून घट्ट धरली.

"चौदा परातीत?"

"...व्हय आबा."

हवालदार उठले. ट्रंक उचलून खांद्यावर घेतली आणि गाडीच्या उलट्या दिशेला तोंड केलं. "तोंड न्हाई व्हय तुला? काल बोलायचं! किती दिवस लागत्यात?"

"धा. लाखंला येक."

"मंग चल. चौदा तुकडं कर त्याचं. पहाऱ्याला मी बसतो. नथुलाच्या खिंडीत बर्फात हुबा ऱ्हायलोय, परातीपुढं बसाया काय झालं?" मग प्रियदर्शनीकडं वळून म्हणाले, "पोरी, तू त्या बरनीला हात लावू नको आता. तू आधी पाणी पी."

आणि बसले की खरंच! शेडच्या दारात खुर्ची टाकून दहा दिवस. मांजर फिरकलं नाही. पहिल्या दोन दिवशी म्हणाले, मी खानावळीत जेवतो. तिसऱ्या दिवशी पाऊस लागला, बनाबाईनं डबा धाडला. चौथ्या दिवशी हवालदारांनी डबा उघडायच्या आधीच विचारलं, "काल खर्डा हुता, आज न्हाई का?" बनाबाईला तिच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. निदान अर्ध्याचं.

चाळीस झाल्या नाहीत. एकतीस झाल्या. शेवटच्या सहा तर अशा होत्या की प्रियदर्शनी वैतागून म्हणाली, "ह्या मी केल्या नाहीत असं सांगा." लालासाहेबांनी एकेक वाजवून बघितली.

"चाळीस सांगितल्या हुत्या."

"आबांनी घासल्या," धैर्यशील म्हणाला.

"काय?"

"काय न्हाई."

"खोटं कशाला सांगू," लालासाहेब म्हणाले, "सगळ्या मालाला ही परवडायची न्हाई मला. तिथं प्लॅस्टिकच ऱ्हानार. पर भेट द्यायच्या बेदाण्याला ही घेतो. दर महिन्याला शंभर दे. गोदामातली ती एक बगून गिऱ्हाईक पिशवीच इचारतंय, बेदाणा ऱ्हायला बाजूला."

दारातलं गटार अजून तुंबतंच. जग बदललं असं काही मी म्हणणार नाही. पण दसऱ्याच्या दिवशी पांढरी साडी नेसून प्रियदर्शनी आईबरोबर बुद्धविहारात निघाली, तेव्हा नाथाजी शेडच्या दारात दाढी करून उभे होते. म्हणाले, "भरती हुकली ह्याची. पुढल्या वर्सी वय बसत न्हाई. आता काय करायचं ह्याचं? तूच ठिवून घे."

आता राहिली रंगूबाई. धैर्यशीलची आई. ती अजून बोललेली नाही. तिचा निरोप आलाय तोही चारच शब्दांचा: 'पोरीला घेऊन या. बघते.' बघते म्हणजे काय बघते, हे नाथाजींनाही माहीत नाही. म्हणून उद्या पहाटेच्या गाडीनं दोघं पाटणला निघालेत. प्रियदर्शनी सकाळपासून तीन साड्या बदलून चिडलीय, आणि धैर्यशील रंगूबाईला द्यायला एक बरणी घेऊन चाललाय. कसली ते सांगायला नको. "आईचे केस चमकत नाहीत का?" म्हणून त्याला एक धपाटा बसलाय आधीच.

मघाशी दोघं माझ्याकडं आले. विरजणाची परात घेऊन. माझ्या खोलीत ऊब चांगली आहे म्हणे. आणि ठेवली कुठं? माझ्या टाइपरायटरच्या टेबलावर. म्हटलं, अरे बाबा, मी एक बटण दाबलं तरी हे टेबल थरथरतं.

"मंग दाबू नको," धैर्यशील म्हणाला.

"आणि लिहू नको," प्रियदर्शनी म्हणाली. "काही म्हणजे काही."

"पश्या, दहा दिवस," धैर्यशील म्हणाला. त्यानं माझा खांदा धरला होता. "तिकडं काय हुईल ठावं न्हाई गड्या. हितलं तरी जागेवर ऱ्हाऊ दे."

लिहिण्याबद्दल मी काही बोललो नाही. पण त्याला म्हणालो, "धैर्या, मशीन मी खाली फरशीवर घेतो. आठवड्यातनं एकदा गुळाचं पाणी, चमच्यानं, कडेकडेनं. तुम्ही दोघं परत येईपर्यंत ही परात हलणार नाही. शब्द दिला."